चारशे वारांवरून

आमच्या बडोद्याच्या घरमालकांनी आयुष्यात एकही हरीण मारलं नव्हतं. पण ते किती लांबून मारायचं, हे मात्र त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. चारशे वारांवरून. त्याहून जवळ उभं राहणारं हरीण त्यांच्या मते निर्लज्ज, आणि त्याला मारणारा खाटीक. "जवळून काय, कुणीही मारतं," असं म्हणून ते खुर्चीत मागे रेलायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की स्वारी आत्ताच जंगलातून येऊन टेकली आहे. प्रत्यक्षात ते फतेगंजाच्या बाजारातून गवार घेऊन आलेले असत, आणि तीही निबर.

नाव सांगत नाही. बडोद्यातली मराठी माणसं एकमेकांची कुणी ना कुणी लागतात, आणि मला अजून या गावातच राहायचं आहे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. माझा नवरा रिफायनरीत शिफ्ट ड्युटीला, मी मकरपुऱ्याला एका कंपनीच्या ऑफिसात. फतेगंजात काकांच्या बंगल्याचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. घर दाखवताना त्यांनी विचारलं, "मूळचे कुठले?"

"भुसावळचे," मी म्हणाले.

"भुसावळ हे स्टेशन झालं. मी गाव विचारलं."

मी तिथूनच परत फिरणार होते. पण काकांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या काकूंनी डोळ्यांनीच 'राहा गं' असं खुणावलं. का खुणावलं ते पुढे कळलं. वर माणसं राहायला असली की काकूंना पंख्याखाली बसायला एक घर मिळत असे.

पंख्याचं सांगते, पण त्याआधी दादासाहेब. दादासाहेब म्हणजे काकांचे आजोबा. ते संस्थानच्या शिकारखात्यात मोठे अधिकारी होते, आणि त्या घरात त्यांचं नाव देवाच्या खालोखाल घेतलं जाई. दिवाणखान्यात एका चितळाचं मुंडकं लावलेलं होतं. त्याचा एक काचेचा डोळा कधीतरी पडला होता आणि तिथे कोटाचं काळं बटण बसवलं होतं, त्यामुळे ते आल्यागेल्याकडे तिरकं बघायचं. हे चितळ दादासाहेबांनी मारलं असं काका सांगत. काकूंनी मला एकदा जिन्यात सांगितलं, "अगं, ते तंबू नि जेवणखाण बघायचे. मारायचे पाहुणे." त्यातल्याच एका पाहुण्या साहेबाने परत जाताना खूश होऊन आपली रायफल दादासाहेबांना दिली. जेवण आवडलं म्हणून दिली असणार. काका मात्र ती 'पराक्रमाची खूण' म्हणून सांगत, आणि परवान्याचं दर वेळी नूतनीकरण करून ती सांभाळत.

त्या मापाची काडतुसं आता बाजारात मिळत नाहीत. जुनं माप, जुनी रायफल. काकांकडे पत्र्याच्या डब्यात त्या काळची उडवलेली रिकामी पितळी नळकांडी होती, आणि ती पुन्हा भरून त्या म्हाताऱ्या काडतुसाला चारशे वार पळायला लावायचं, हा त्यांनी घेतलेला वसा होता. घरी काडतूस भरायला परवानगी लागते. ती आपल्याकडे आहे असं ते सांगत, आणि दाखवा म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. शिकारीला बंदी येऊन जमाना झाला, हे मी एकदा बोलून बघितलं. "कायदे येतात नि जातात," काका म्हणाले. "माणसाची तयारी असावी."

ही तयारी जेवणाच्या टेबलावर चालायची. आधी नळकांडी चिंचेच्या कोळात घासून लख्ख करायची. काकूंची देवाची भांडी ज्या चिंचेची वाट बघत असत, तीच ही चिंच. बार उडाला की नळकांडं जरासं फुगतं, म्हणून ते टेबलाच्या कडेला कायमच्या ठोकलेल्या एका दांड्याच्या यंत्रात घालून दाबायचं, की ते परत मापात येतं. या यंत्रामुळे टेबलाच्या त्या बाजूला खुर्ची सरकत नसे. त्यामुळे काका टेबलावर जेवत आणि काकू ओट्यापाशी उभ्यानेच उरकत. मग नळकांड्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, आत बंदुकीची दारू घालायची, आणि तोंडाशी गोळी. दादासाहेबांच्या वेळची गोळी बोथट नाकाची. ती जवळपास ठीक होती, पण लांब जाताना हवेशी झगडून दमायची आणि खाली यायची. काकांनी तिच्याऐवजी लांब, टोकदार गोळी मिळवली होती. आता हिला दारू किती घालायची, या एका प्रश्नावर त्यांचं उभं आयुष्य अडकलं होतं. जरा कमी पडली तर गोळी हरणाच्या खुरांपाशी माती उडवणार. जरा जास्त झाली, "तर नळी फुटून आपणच दादासाहेबांच्या भेटीला!" हे सांगताना त्यांचा चेहरा उजळून निघायचा.

मोबाइलवर ते अमेरिकेतल्या दाढीवाल्या लोकांचे व्हिडिओ बघत. तेही आपापल्या टेबलांवर काडतुसं भरत बसलेले असत. त्या दाढीवाल्यांच्या खिडकीबाहेर अख्खं जंगल दिसायचं. काकांच्या खिडकीतून समोरच्या डेंटिस्टची पाटी. तरी काका त्यांच्या चुका काढायचे. "घाई करतोय. हात बघा, हात. शेव पाडतोय का हा?"

दारू मोजायची ती सोनाराच्या काट्यावर. काचेच्या पेटीतला नाजूक काटा, नुसता श्वास लागला तरी थरथरणारा. म्हणून काका नाकाला रुमाल बांधत, आणि म्हणूनच खालच्या मजल्यावर पंखा बंद. मार्चपासून पुढे बडोद्यात पंख्याशिवाय बसणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्या माणसालाच कळेल. बटणावर त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी लावून टाकली होती. काकूंनी पदराने वारा घेतला तरी काटा हलतो अशी तक्रार असे. मग त्या बाहेर ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या कट्ट्यावर जाऊन बसत, नाहीतर वर आमच्याकडे. आमच्याकडे आल्या की आधी पंख्याखालची खुर्ची ओढायच्या, डोळे मिटायच्या, आणि बऱ्याच वेळाने म्हणायच्या, "हां. आता बोल."

आमच्यावरही पहारा होताच. वर मिक्सर लावला की खाली काटा हलायचा. मग छताला काठी ठोकली जायची, ठक् ठक्, आणि मी चटणी अर्धवट वाटलेली तशीच वाढून घ्यायची. माझा नवरा कौतुकाने म्हणायचा, "खालचा माणूस काहीतरी सूक्ष्म काम करतोय." रिफायनरीत ज्वालाग्राही मालाशेजारी आठ-आठ तास काढणाऱ्या माणसाला घरात कुणी दारू मोजतंय याचं काहीच वाटत नसे. मला वाटायचं. मला तर त्या काठीचा इतका संताप यायचा, की कधीकधी मी मुद्दाम टाचा आपटत चालायची.

आणि इतकं करून बार कधी उडालाच नाही. भरलेलं काडतूस काका दुसऱ्या दिवशी उजेडात फिरवून बघत, त्यांना शंका येई, आणि ते गोळी उपसून दारू ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. एकदा मी विचारलं, "काका, एखादं उडवून का नाही बघत?"

"कुठे उडवू?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "चारशे वारांची जागा आहे का बडोद्यात? क्लबात पन्नास वारांवर पुठ्ठा लावतात. पन्नास वारांवर माझं काडतूस उडवायचं? जवळून काय, कुणीही मारतं."

हे वाक्य नुसतं बंदुकीपुरतं नव्हतं. काका सगळंच लांबून करत. नातेवाइकांवर प्रेम लांबून. लग्नाला न जाता फोनवर आशीर्वाद, कुणी गेलं तर फोनवर सांत्वन. देवदर्शन रस्त्यावरून, चपला न काढता. बोलायचे तेही दुसऱ्या खोलीतून, आणि काकूंनी हातातलं टाकून त्यांच्यापाशी जाऊन उभं राहायचं. मागे एकदा काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आम्ही दोघं दवाखान्यात होतो. काका आले, आणि वॉर्डच्या पार टोकाच्या खिडकीशी उभे राहिले. तिथून त्यांनी हात वर केला. काकूंनीही झोपल्या झोपल्या हात वर केला. कुणी गाडीने गावाला निघालं असावं, असा तो प्रकार दिसत होता. मी म्हणाले, "काका, जवळ या ना, त्या बोलतायत." तर म्हणाले, "दिसतंय मला इथून. बरी आहे." त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात माफ करणं सोडून दिलं.

रायफलीबद्दल दोन नियम होते, दोन्ही दादासाहेबांचे. एक, छपराखाली रायफल भरायची नाही. हा मला पटायचा. दुसरा, पूजेचं शस्त्र पुसायचं नाही. शिकारीला निघेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आता शिकार तर नव्हतीच. त्यामुळे रायफल वर्षातून एकदाच, दसऱ्याला बाहेर निघायची. चिंचेच्या कोळात नळकांडी घासून घासून ज्यांच्या बोटांची सालं गेली, त्या काकांनी त्या रायफलीच्या नळीत कधी डोकावूनही पाहिलं नाही. रायफल साहेबाची, दादासाहेबांनी सांभाळलेली. तिच्यात काय दोष असणार? दोष असलाच तर दारूत, नाहीतर पंख्यात, नाहीतर आमच्या मिक्सरमध्ये.

दसऱ्याला आम्हालाही सोनं द्यायला खाली बोलावत. पाटावर रायफल आडवी ठेवलेली, झेंडूचा हार, गंध. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, मागे ओढून रायफल उघडी ठेवायची, हा काकांचा आग्रह. "उघडी असू दे. आशीर्वाद आत गेला पाहिजे." मग काकू कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता चांगल्या मूठभर घेऊन वाहायच्या, थेट त्या उघड्या जागेवर. काका बाजूला उभे राहून सांगायचे, "कंजुषी नको. भरपूर टाक." झालं की बोल्ट बंद, आणि रायफल कपाटात परत, नळी खाली करून उभी. तेल लाकडात उतरू नये म्हणून नळी खाली, हीही दादासाहेबांचीच पद्धत.

असं सगळं सुखाने चाललं असतं. पण दर वर्षी काकूंना वर्षाचे गहू आणि तूर भरून देणारे सावलीकडचे रमणभाई एका दसऱ्यानंतर आले, ते पोतं न घेता. ओटल्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काका, रोझडां तुवेर खाई जाय छे. आखुं खेतर साफ करी नाख्युं."

रोझडां म्हणजे नीलगाई. रमणभाईंच्या तुरीला त्यांचा कळपच्या कळप लागला होता, अख्खं शेत फस्त. सरपंचाची परवानगी काढून परवानेवाल्या बंदुकीने त्या मारता येतात, असं रमणभाईंनी सांगितलं. पण गावात बंदूकवाले असूनही कुणी पुढे होईना. नावातच गाय, पाप कोण घेणार? तेव्हा सगळ्यांना बडोद्याचे मराठी काका आठवले. रमणभाईंनी हे अगदी भक्तिभावाने सांगितलं. इतकी वर्षं गहू उतरवताना त्यांनी त्या तिरक्या चितळाखाली बसून चारशे वारांच्या कथा ऐकल्या होत्या, आणि त्या भल्या माणसाने त्या खऱ्या धरल्या होत्या.

काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ज्याच्याकडे आयुष्यभर कुणी काही मागितलं नाही, त्या माणसाकडे कुणीतरी नेमकं तेच मागायला आलं होतं. आनंद झाला होता, आणि घामही फुटला होता. आता जमलं नाही तर दादासाहेबांचं नाव, चितळ, टेबलावरचं यंत्र, सगळंच बोटावर मोजता येईल इतक्या मिनिटांत खोटं पडणार होतं. हे त्यांना कळत होतं, आणि दारात उभ्या असलेल्या काकूंना त्यांच्या आधी कळलं होतं.

"येतो ना," काका म्हणाले. "पण माझं काडतूस हरणासाठी आहे. रोझडं अंगाने जड. दारूचं प्रमाण नव्याने बसवावं लागेल. थोडा टाइम जोइशे."

तो टाइम चांगला लांबला. दिवाळी झाली, संक्रांत झाली. काका वजन, वारा, थंडीतली हवा असं काय काय धरून रोज नवी काडतुसं भरत होते आणि रोज उपसत होते. मध्ये रमणभाईंचा फोन आला की तूर संपली. "त्यांची काढून झाली?" काकूंनी विचारलं. "ना," काका म्हणाले, "रोझांची खाऊन झाली." आणि पुन्हा काट्याकडे वळले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. बरं, शेतात आता गहू होता.

शेवटी एकदाचा दिवस ठरला. काकांना डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नव्हती, नवरा ड्युटीवर, म्हणून गाडी माझी आणि ड्रायव्हरही मीच. पहाटे काका दादासाहेबांची खाकी हॅट घालून बाहेर आले. दादासाहेबांचं डोकं मोठं असावं. हॅट काकांच्या कानांवर येऊन थांबली होती. काकूही तयार होऊन पिशवी घेऊन उभ्या होत्या. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि छुंदो, कैरीच्या किसाचं गोड लोणचं.

"तू कशाला?" काका म्हणाले.

"बघायला," काकू म्हणाल्या. "इतके उन्हाळे ज्याच्यासाठी शिजले, ते काय आहे ते बघू तरी द्या ने एकदा."

सावली रोडला लागलो तेव्हा फटफटत होतं. रमणभाईंच्या शेतावर पोचलो तर बांधावर निम्मं गाव जमलेलं. कुणाला पाप नको होतं, पण बघायला सगळे आले होते. रमणभाईंनी बोट केलं. गव्हात चार-पाच नीलगाई, आणि त्यातला एक मोठा, काळसर नर. त्या बऱ्याच जवळ होत्या. मी भुसावळची असूनही दगड मारला असता तर लागला असता.

काकांनी दुर्बिणीतून बघितलं आणि नाराजीने मान हलवली. "फार जवळ आहेत."

"तो सारुं ने, काका," रमणभाई खूश होऊन म्हणाले.

"अहो, माझं काडतूस चारशे वारांसाठी बांधलंय. इथून मारलं तर त्याचा अपमान आहे. मागे जाऊ."

आणि आम्ही मागे निघालो. नीलगाई पूर्वेला आणि काका पश्चिमेला. त्यांच्यामागे रमणभाई, मी, पुऱ्यांची पिशवी घेऊन काकू, आणि मागून सगळं गाव. रमणभाई दोनदा मागे बोट करून म्हणाले, "काका, ए तो पेली बाजु छे." काका थांबले नाहीत. दुसऱ्याचं शेत ओलांडलं, बाभळी ओलांडल्या, कालव्याचा बांध चढलो. तिथून वळून पाहिलं तेव्हा त्या नीलगाई वेलदोड्याएवढ्या दिसत होत्या. काका समाधानाने पालथे झोपले, रायफल पोत्यावर टेकवली, मोबाइलवर वारा बघितला. काकूंच्या हातातली पिशवी घट्ट धरलेली मला दिसत होती. मला त्या माणसाचा इतका राग, तरी त्या घटकेला माझ्याही मनात आलं की लागू दे बाई एकदाची. नीलगाईसाठी नाही, काकूंसाठी.

काकांनी बोल्ट मागे ओढला, काडतूस घातलं, आणि बोल्ट पुढे सारला. तो नखभर अलीकडे थांबला.

त्यांनी जोर लावला. नाही. काडतूस काढून फुंकर मारली, पुसलं, पुन्हा घातलं. तिथेच अडलं. दुसरं घेतलं. तेही तिथेच. तिसरं. इतकं एकसारखं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. सगळी काडतुसं एकाच जागी अडत होती, केसाचाही फरक न पडता. काकांच्या मानेवरून घाम खाली उतरत होता. "माप वाढलंय," ते पुटपुटले. "थंडीने... नाही, थंडीने कमी व्हायला पाहिजे..." हॅट डोळ्यांवर आली होती आणि ती मागे सारायचंही त्यांना सुचत नव्हतं.

गावकरी पहिल्यांदा कुजबुजले, मग कुणीतरी हसलं. एका म्हातारीने शेवटी तेलाचा रिकामा डबा काठीने बडवायला घेतला, तेव्हा नीलगाई माना उंचावून बाभळींकडे निघून गेल्या. तो काळा नर मात्र थोडा गेला, थांबला, आणि परत येऊन गहू खायला लागला. रमणभाई काकांच्या शेजारी बसले आणि अगदी हळू म्हणाले, "चालो काका, चा पी लो." इतक्या मऊ आवाजात म्हणाले, की ते ऐकून मलाच कसंतरी झालं. रमणभाईंनी त्यानंतरही घरी गहू आणून दिले, पण दिवाणखान्यात बसायला ते पुन्हा आले नाहीत.

परतताना काका मागच्या सीटवर, रायफल मांडीवर. त्यांनी बोल्ट पूर्ण काढला, नळी वर केली आणि दस्ता तळहाताने थोपटत राहिले. सावली मागे पडलं तेव्हा आरशात मला दिसलं की त्यांच्या मांडीवर काहीतरी पडलं. लाल, वाळलेले, एकमेकांना चिकटलेले तांदळाचे दाणे. मग आणखी काही. वर्षानुवर्षांच्या ओल्या अक्षता घसरत जाऊन काडतूस बसतं त्या पोकळीच्या पुढच्या टोकाशी बसल्या होत्या, आणि कुंकवाने त्यांची खळ झाली होती.

पुढच्या सीटवर काकू वळून बघत होत्या. कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "अक्षता आहेत."

काकांनी एक दाणा चिमटीत उचलून बघितला. मग काका म्हणाले, "तू टाकल्यास."

मला वाटलं, गाडी बाजूला घ्यावी आणि या माणसाला इथेच उतरवावं. इतक्या वर्षांनी, इतक्या उकाड्यानंतर, सापडला तो गुन्हेगार म्हणजे काकू. पण काकू शांत होत्या.

"मीच टाकल्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणायचात ने, उघडी ठेव, भरपूर टाक, आशीर्वाद आत गेला पाहिजे. गेला बघा आत."

नंतर माझ्या नवऱ्याने सांगितलं की काडतूस तसंच ठोकून बसवलं असतं आणि बार उडवला असता, तर नळी तिथल्या तिथे फुटली असती. म्हणजे त्या अक्षतांनी एका खेपेत एक नीलगाय आणि एक घरमालक वाचवला. आशीर्वाद म्हणून हे काही कमी नव्हतं, पण काकांना तो लागू पडल्याचं समाधान दिसलं नाही.

घरी पोचल्यावर काका कपडेही न बदलता टेबलाशी जाऊन बसले. रुमाल नाकाला बांधला आणि काट्यात दारू घेतली. रायफल साफ करण्याचा विचार त्यांच्या डोक्यात अजूनही आला नव्हता. मी पुऱ्यांची पिशवी ठेवायला आत गेले होते. काकू बटणापाशी गेल्या. चिकटपट्टीचं टोक त्यांनी नखाने उचललं आणि पट्टी शांतपणे सोलून काढली. मग बटण दाबलं आणि रेग्युलेटर शेवटपर्यंत फिरवला.

तो पंखा आधी कण्हला. मग फिरला. त्याच्या पात्यांवरची वर्षांची जळमटं आणि धूळ टेबलावर, यंत्रावर, काकांच्या हॅटवर पडली. काटा वेड्यासारखा हलला आणि दारू पारड्यातून उडून सगळ्या टेबलभर पसरली.

"पंखा!" काका सवयीने ओरडले.

"हो," काकू म्हणाल्या. "पंखा."

त्यांनी खुर्ची ओढली, पंख्याखाली बसल्या आणि डोळे मिटले. मी वर निघून आले, आणि मुद्दाम मिक्सर लावला. दाण्याचं कूट करायचं नव्हतं, तरी केलं. खालून काठी वाजली नाही.

पुढच्या दसऱ्याला आम्ही तिथेच होतो. आमचं स्वतःचं घर झालं ते त्यानंतर. नेहमीप्रमाणे सोनं द्यायला खाली गेलो. टेबलावरचं यंत्र गेलं होतं आणि त्या बाजूला काकूंची खुर्ची होती. रायफल पाटावर, हार वगैरे सगळं होतं, पण बोल्ट बंद. काका शेजारी पाटावर बसलेले, जरा वाळलेले दिसले. पंखा पाचवर फिरत होता.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात अक्षतांची वाटी. त्यांनी तिथूनच मूठभर अक्षता रायफलीच्या दिशेने उडवल्या. पंख्याच्या वाऱ्याने त्या खोलीभर झाल्या. माझ्या पायावर आल्या, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर आल्या, चितळाच्या नाकावर एक बसली. रायफलीवर एकही पडली नाही.

काकांनी पाटाकडे पाहिलं, मग दाराकडे. मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"जवळ येऊन टाक ना गं."

"जवळून काय," काकू म्हणाल्या, "कुणीही टाकतं." आणि हात झटकून त्या पुऱ्या तळायला आत गेल्या.